सलामीलाच एक गोल कमी

मे महिन्याच्या अखेरीस फुटबॉलची लीग संपते आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा सुरू होते. मधले अडीच-तीन महिने चाहत्याच्या हाती खेळ नसतो, नुसत्या बातम्या असतात. कोण येणार, कोण जाणार, कुणाचा गुडघा बरा झाला, सराव सामन्यात कोण चमकलं. या काळात संघ एकही गुण गमावत नाही, म्हणून मनातला संघ दिवसेंदिवस बलाढ्य होत जातो. मग पहिला सामना येतो. नव्वद मिनिटं, वर सहा-सात मिनिटांचा वाढीव वेळ, आणि फलकावर ०-१.

०-३ ने हरलं तर माणूस चिडतो, चार शिव्या घालतो आणि विषय संपवतो. एका गोलाची हार मात्र रात्रभर डोक्यात फिरत राहते. खांबाला लागून परत आलेला चेंडू, गोलरक्षकाच्या बोटांना निसटता लागून बाहेर गेलेला हेडर, शेवटच्या मिनिटाचा कॉर्नर. प्रत्येकाच्या मागे एक ‘जर’ लागलेला असतो. आणि पहिलाच सामना असल्यामुळे या दुःखावर उतारा म्हणून मागचा एखादा विजयही हाताशी नसतो. गुणतक्त्यात संघाच्या नावापुढे शून्य असतं.

शिट्टी वाजल्यावर दहा मिनिटांत चाहत्यांचे निवाडे सुरू होतात. गोलरक्षक विकून टाका. नव्या स्ट्रायकरवर घातलेले पैसे पाण्यात गेले. मॅनेजरने बदल उशिरा केले. दुसऱ्या बाजूला शांत लोक असतात. त्यांचं एकच वाक्य, अजून अडतीसपैकी सदतीस सामने आहेत. दोन्ही बाजूंनी सामना पाहिलेला असतो, पण दोघांचंही बोलणं त्या सामन्याबद्दल नसतं. पहिले स्वतःच्या भीतीबद्दल बोलतात, दुसरे कॅलेंडरबद्दल. माझं मत असं की एका गोलाची हार पुष्कळ काही सांगून जाते. ते गोल झाला त्या क्षणात मात्र क्वचितच सापडतं. ते शोधावं लागतं गोलच्या आधीच्या पंधरा-वीस सेकंदांत, आणि पुढे संघ पिछाडीवर असताना गेलेल्या वेळात.

आधी गणित, ते लवकर उरकतं. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगचा २०२३-२४ चा मोसम गोलांसाठी गाजला, ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले, तरी सरासरी एका सामन्याला सव्वातीनच्या आसपासच बसते. एरवी ती तीनच्याही खाली असते. इतक्या थोड्या गोलांच्या खेळात चांगला खेळलेला संघ हरतो, आणि वारंवार हरतो. हल्ली एक्सजी (अपेक्षित गोल) नावाचा हिशेब सगळीकडे दिसतो. प्रत्येक फटका कुठून आणि कोणत्या स्थितीतून मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. पेनल्टीला साधारण ०.७८ मिळतात, गोलसमोरच्या बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या बहुतेक फटक्यांना ०.०३-०.०४. समजा आपल्या संघाची बेरीज १.६ झाली आणि समोरच्याची ०.९. म्हणजे आपण स्पष्टपणे सरस खेळलो. साध्या संभाव्यतेच्या सूत्राने हाच सामना शंभर वेळा खेळवला तर ५४ च्या आसपास विजय येतात, २५ बरोबऱ्या, आणि २१ वेळा आपण हरतो. पाचातला एक सामना. त्यातला एखादा पहिल्याच आठवड्यात आला तर त्यात आक्रीत काही नाही.

विजेतेही हरतातच. अख्खा मोसम अपराजित राहून इंग्लंडची अव्वल लीग जिंकण्याचं भाग्य दोनदाच लाभलं, १८८८-८९ मध्ये प्रेस्टनला २२ सामन्यांच्या मोसमात आणि २००३-०४ मध्ये आर्सेनलला ३८ सामन्यांच्या. बाकी सगळ्यांनी चषक उचलण्याआधी एकदा तरी, बहुतेकांनी दोन-चार-सहा वेळा मान खाली घातलेली आहे. त्यातली एखादी वेळ पहिल्या दिवसाची असते, एवढंच.

पण ‘एवढंच’ म्हणून सोडून देणाऱ्यांशीही माझं पटत नाही, आणि त्याचं उत्तम उदाहरण मँचेस्टर सिटीच्या २०२१-२२ च्या मोसमात आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी सिटी टॉटनहॅमकडे ०-१ ने हरली. त्या उन्हाळ्यात सिटीला टॉटनहॅमचाच स्ट्रायकर हॅरी केन हवा होता. आग्वेरो गेला होता, त्याच्या जागी अस्सल नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, कोणी नव्हता. केन त्या सामन्यात उतरलाच नाही आणि त्याच्याविनाही टॉटनहॅम जिंकलं. सिटीच्या चाहत्यांचा निष्कर्ष तयारच होता, स्ट्रायकर नाही तर गोल नाहीत. केन शेवटी आला नाही. सिटीने पुढचे दोन सामने प्रत्येकी ५-० ने जिंकले, मोसमात ९९ गोल केले आणि ९३ गुणांनी लीग जिंकली. निष्कर्ष साफ चुकला होता. पण लिव्हरपूलचे गुण होते ९२. शेवटच्या दिवशी, २२ मे रोजी, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध ०-२ ने मागे पडलेल्या सिटीला सहा मिनिटांच्या आत तीन गोल करून तो एक गुण राखावा लागला. ऑगस्टमध्ये हरवलेले तीन गुण मे महिन्यात असे अंगावर आले होते. संघ वाईट आहे असं ती हार सांगत नव्हती, आणि ती फुकटातही गेली नव्हती.

तिकडे टॉटनहॅमचं काय झालं? त्यांनी पहिले तीनही सामने १-० ने जिंकले आणि ते अव्वल स्थानी जाऊन बसले. मॅनेजर नुनो एस्पिरितो सांतो यांना ऑगस्टचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून पुरस्कार मिळाला. १ नोव्हेंबरला त्यांची नोकरी गेली. एका गोलाच्या विजयात जे दडलं होतं ते तिथल्या चाहत्यांनाही दिसलं नव्हतं. हरलेल्याने सामना पुन्हा पाहावा हे सगळेच सांगतात. मला वाटतं १-० ने जिंकलेल्याने तो आधी पाहावा.

आता पुन्हा पाहायचा म्हणजे कसा? त्याच रात्री नको. दुसऱ्या दिवशी, निकाल पचल्यावर. सगळ्यात आधी खाल्लेला गोल, पण फटक्यापासून नाही. फटक्याआधी वीस सेकंद मागे जायचं आणि तिथे थांबवायचं. बहुतेक वेळा चेंडू तेव्हा आपल्याच पायात असतो. त्या चौकटीत मोजायचं, चेंडूच्या पुढे आपले किती आणि मागे किती. आक्रमण करणाऱ्या चांगल्या संघाचे पाच जण पुढे असतात आणि गोलरक्षक सोडून पाच जण मागे, तीन-दोन किंवा दोन-तीन अशा रचनेत. या मागच्या पाचांचं काम गोल करणं नसतं. चेंडू गेला की समोरच्याचा पहिला पास अडवणं हे त्यांचं काम. हे पाच जण पांगलेले असतील, दोघांच्या मध्ये तीस मीटरचं मोकळं रान असेल, तर पुढे जे झालं त्याचं खापर गोलरक्षकावर फोडण्यात अर्थ नाही.

टॉटनहॅमच्या सॉन ह्युंग-मिनचा सिटीविरुद्ध त्या दिवशीचा गोल याच नजरेने पाहण्यासारखा आहे. ५५ वं मिनिट. टॉटनहॅम स्वतःच्या अर्ध्यातून सुटतं, बर्गवाइन चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडतो आणि उजव्या बाजूला सॉनला देतो. समोर सिटीचा बचावपटू नेथन आके. सॉन आत वळतो, डाव्या पायावर चेंडू घेतो आणि दूरच्या खांबालगत जमिनीसरपट फटका मारतो. हायलाइट्समध्ये आके दिसतो, गोलरक्षक एडरसनची झेप दिसते, म्हणून नावं त्यांची घेतली जातात. पण आकेच्या वाट्याला वेगात येणारा सॉन एकास एक आला, त्याच्या मदतीला वेळेत कोणी पोचलं नाही, हा निर्णय आधीच झालेला होता. डाव्या पायावर तितकीच हुकमत असलेल्या माणसासमोर एकट्या बचावपटूने बाहेरची बाजू बंद केली तर तो आत वळणार, आतली केली तर बाहेरून जाणार. प्रश्न आकेने काय करायला हवं होतं हा नाहीच. तो एकटा का पडला, हा आहे.

गोल कॉर्नरवर झाला असेल तर पाहण्याची रीत वेगळी. किक मारण्याआधी चित्र थांबवायचं. जवळच्या खांबापाशी कोण उभा आहे, सहा यार्डांच्या रेषेवर किती जण जागा राखून आहेत, माणसामागे माणूस कोणाला लावला आहे, आणि आपल्या गोलरक्षकाच्या अंगाला समोरचे किती जण चिकटलेत. मग पहिला स्पर्श कोणाचा झाला ते पाहायचं, आणि तो अर्धवट साफ झाला असेल तर बॉक्सच्या तोंडावरचा दुसरा चेंडू कोणी मिळवला ते. मोसमाच्या सुरुवातीला इथे गोंधळ होण्याचं कारण अगदी साधं आहे. कॉर्नरची कामं उंचीनुसार आणि उडीनुसार वाटलेली असतात. नवे खेळाडू आले की वाटणी बदलते, आणि ती अंगवळणी पडायला सराव सत्रं लागतात. बदली खेळाडू मैदानात उतरण्याआधी रेषेवर सहायक प्रशिक्षक त्याला वहीतली पानं उलटून दाखवत असतो ते हेच. तू याला धर, तू जवळच्या खांबावर. सत्तराव्या मिनिटाला उंच बचावपटू बाहेर गेला आणि त्याच्या जागी चार इंचांनी बुटका मिडफिल्डर आला तर सगळी वाटणी एका घराने सरकते. त्यानंतरचा पहिला कॉर्नर जपून पाहावा.

१७ ऑगस्ट २०२५ चा मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल हा सामना कॉर्नरचाच. युनायटेडच्या घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर तेराव्या मिनिटाला आर्सेनलच्या डेक्लन राइसचा कॉर्नर गोलच्या तोंडाशी वळला, गर्दीत अडकलेला युनायटेडचा गोलरक्षक बायंदर याच्या हातून तो नीट दूर गेला नाही आणि आर्सेनलच्या कॅलाफिओरीने अगदी रेषेजवळून हेडर मारून आत घातला. ०-१, आणि शेवटपर्यंत तेच. इथे मात्र युनायटेडच्या चाहत्यांची प्रतिक्रिया नेहमीसारखी नव्हती. हरूनही बरेच जण खूश होते. युनायटेडने २२ फटके मारले होते, आर्सेनलने ९. मागच्या मोसमात पंधराव्या स्थानी घसरलेला संघ आर्सेनलला असा कोंडतो, म्हणजे यंदा चित्र बदललं, असा सूर होता.

हा दिलासा तपासून घ्यायला हवा. तेराव्या मिनिटाला आघाडी मिळालेला पाहुणा संघ उरलेली ऐंशी मिनिटं काय करेल? मागे सरकेल, दोन ओळी जवळजवळ लावेल आणि समोरच्याला चेंडू देऊन टाकेल. पिछाडीवरचा संघ फटके मारणारच, त्याला दुसरा पर्यायच नसतो. म्हणून नुसत्या फटक्यांच्या संख्येवर जाऊ नये. किती फटके बॉक्सच्या आतून होते, त्यातले किती खांबांच्या रुंदीच्या समोरून होते, आणि फटका मारताना मध्ये किती पाय होते हे बघावं. पंचवीस यार्डांवरून बचावपटूंच्या भिंतीत मारलेले दहा चेंडू एका मोकळ्या हेडरची बरोबरी करत नाहीत. शक्य असेल तर स्कोअर ०-० असतानाचा आणि बरोबरीच्या अवस्थेतला खेळ वेगळा काढून पाहावा. दोन्ही संघांना तेव्हाच जिंकायचं असतं. युनायटेडने पुढच्या रविवारी फुलहॅमशी १-१ बरोबरी केली, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीकडून लीग कपमध्ये पेनल्टींवर हरले. तेव्हा दहा दिवसांपूर्वीचे तेच लोक टोकाला गेले. आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात चांगलं बरंच होतं, पण ते २२ या आकड्यात नव्हतं.

पहिल्या सामन्याचे म्हणून काही दोष असतात, ते पुढे आपोआप कमी होतात. त्यांना कायमच्या आजारात मोजू नये. पूर्वतयारीला पाच-सहा आठवडे मिळतात, त्यातही मोठी स्पर्धा खेळून आलेले खेळाडू उशिरा दाखल होतात. सराव सामन्यांत हवे तितके बदल करता येत असल्यामुळे कित्येक जण पहिल्या लीग सामन्याआधी सलग नव्वद मिनिटं एक-दोनदाच खेळलेले असतात. परिणाम साठ-पासष्टाव्या मिनिटानंतर दिसतो. धाव कमी होत नाही, ती उशिरा सुरू होते. चेंडू गेल्यावर मागे वळण्यातला अर्धा सेकंद.

हा अर्धा सेकंद प्रेसिंगमध्ये, म्हणजे चेंडू समोरच्याकडे असताना धावून जाऊन दबाव आणण्यात, सगळ्यात महाग पडतो. समोरच्याच्या गोलकिकला पाहा. आपला विंगर (कडेचा आक्रमक) त्यांच्या सेंटर-बॅकवर (मधल्या बचावपटूवर) धावून जातो. तो निघाला की त्याच्या मागे त्यांचा फुल-बॅक (कडेचा बचावपटू) मोकळा राहतो, म्हणून आपल्या फुल-बॅकने त्याच क्षणी पंधरा-वीस मीटर पुढे उडी घ्यायची असते, आणि त्याच्या मागची जागा आपल्या सेंटर-बॅकने सरकून झाकायची असते. तिघांनी एकाच इशाऱ्यावर हलायचं. पहिला गेला आणि दुसरा दोन पावलं उशिरा निघाला की एक उंच पास फुल-बॅककडे जातो आणि अख्खी पहिली फळी बाद होते. ऑगस्टमध्ये हे वारंवार घडतं, विशेषतः फुल-बॅक नवा असेल तर. टीव्हीवर हे पकडणं अवघड, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. पण गोलकिकच्या आधी काही क्षण लांबचं दृश्य असतं. तेवढ्यात पहिला कोण निघाला आणि त्याच्या पाठीमागे कोणी हललं का, एवढं बघितलं तरी पुरतं. चार-पाच गोलकिकमध्ये चित्र स्पष्ट होतं.

त्यात ट्रान्सफर विंडो उघडीच असते. ती साधारण सप्टेंबरच्या तोंडावर बंद होते, तोवर संघाचे दोन-तीन सामने होऊन गेलेले असतात. पहिल्या सामन्याला उतरलेला संघ हा मोसमाचा संघ असतोच असं नाही, आणि कधी कधी तर खरा माणूस त्याहूनही उशिरा येतो. १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्याच दिवशी शेफील्ड युनायटेडच्या ब्रायन डीनने पाचव्या मिनिटाला गोल केला, मग पेनल्टीवर दुसरा केला, आणि मँचेस्टर युनायटेड १-२ ने हरलं. पुढचा सामना घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून ०-३. तिसरा इप्सविचशी १-१. नऊपैकी एक गुण, आणि लीग जिंकून पंचवीस वर्षं उलटलेली. चाहत्यांनी हाय खाल्ली तर त्यांना काय म्हणून दोष द्यावा? नोव्हेंबरअखेर लीड्सहून एरिक कँटोना आला. मे महिन्यात युनायटेड ८४ गुणांनी विजेते होते, दुसऱ्या क्रमांकापेक्षा दहा गुण पुढे. ऑगस्टमध्ये त्या संघाला गोल सापडत नव्हते हे निदान बरोबर होतं. चुकीचं होतं ते ‘आता काही होणार नाही’ हे.

स्कोअर एकाच गोलाच्या फरकाचा असला तरी प्रत्येकाचा रोख वेगळा असतो. पहिल्या पंधरा मिनिटांत गोल खाऊन ०-१ झालं असेल तर वर सांगितलेला पिछाडीचा विचार आधी करावा. पंच्याऐंशीव्या मिनिटाला खाल्ला असेल तर पाय आणि बाकावरचे बदल. आघाडी घेऊन १-२ ने हरलो असू तर पहिल्या गोलनंतर आपली बचावफळी किती मीटर मागे सरकली ते तपासावं. भीतीने मागे सरकलेला संघ क्लिअर केलेला चेंडू परत मिळवू शकत नाही, लाटेमागून लाट येत राहते. २-३ मध्ये आपण तीन खाल्ले ही गोष्ट आपण दोन केल्याच्या आनंदात बुडू देऊ नये. आणि गोल पेनल्टीचा किंवा अंगाला लागून दिशा बदललेला असेल तर त्यावर फार वेळ घालवू नये. रेफरीबद्दलही तसंच. चूक झाली असेल तर झाली, पुढच्या आठवड्यात त्याचा काही उपयोग नाही.

बदलांबद्दल मात्र थोडं. आता प्रीमियर लीगमध्ये पाच बदल करता येतात, पण मध्यंतर सोडून खेळ थांबवण्याच्या संधी तीनच. ‘साठाव्या मिनिटालाच तिघांना का नाही आणलं’ असं ओरडताना हे ध्यानात ठेवायला हवं. तीनही संधी लवकर वापरल्या आणि ऐंशीव्या मिनिटाला कोणाचा स्नायू ओढला गेला तर मॅनेजरचे हात बांधले जातात, आणि पहिल्या सामन्यात स्नायू ओढले जाण्याची शक्यता जास्त असते. मला चौथा स्ट्रायकर आणणाऱ्या मॅनेजरपेक्षा, चेंडू बॉक्सपर्यंत पोचवणारा मिडफिल्डर आणणाऱ्याबद्दल अधिक विश्वास वाटतो. पुढे चार जण आणि त्यांना चेंडू देणारा कोणी नाही, हे दृश्य पिछाडीवरच्या संघात फार दिसतं.

काही हारी खरोखरच इशारा असतात. लेस्टर सिटी २०१६ मध्ये गतविजेते म्हणून उतरले आणि पहिल्याच सामन्यात हल सिटीकडून १-२ ने हरले. हलकडे कायमचा मॅनेजर नव्हता, धडधाकट खेळाडूंची वानवा होती, नुकतेच खालच्या श्रेणीतून वर आले होते. लेस्टरच्या चाहत्यांनी ती पराक्रमानंतरची सुस्ती मानली. विजेत्या मोसमात अख्ख्या ३८ सामन्यांत तीनच हारी झाल्या होत्या, ही एक हार कोण मनावर घेणार? पण त्या उन्हाळ्यात मिडफिल्डर एन्गोलो कांते चेल्सीला गेला होता. लेस्टरची खेळण्याची रीत अशी की बचावफळी खोल, मिडफिल्डमध्ये दोघेच, आणि चेंडू हिसकावला की स्ट्रायकर वार्डीच्या पुढ्यात लांब पास. ही रीत चालत होती ती त्या दोघांपैकी एकजण दोन माणसांची जमीन झाकत होता म्हणून. तो गेल्यावर रीत तीच ठेवली आणि मध्ये भगदाड राहिलं. त्या मोसमात लेस्टर १८ सामने हरलं, ज्यांनी अशक्य विजेतेपद मिळवून दिलं त्या मॅनेजर रानिएरींना फेब्रुवारीत जावं लागलं, संघ ४४ गुणांवर बारावा आला. हलने पहिले दोन्ही सामने जिंकले आणि मोसमाअखेर ते खालच्या श्रेणीत गेले. स्कोअर पाहून दोन्ही गावांचा अंदाज चुकला असता; मिडफिल्ड पाहून निदान एका गावाचा चुकला नसता.

म्हणून इशारा ओळखायची माझी कसोटी ही. हरण्याचं कारण सरावाने, विश्रांतीने किंवा उरलेल्या खरेदीने भरून निघण्यासारखं आहे का? उशिरा पडलेलं पाऊल भरून निघतं. नव्या सेंटर-बॅकशी न जमलेला मेळ भरून निघतो. ज्या माणसाच्या जिवावर अख्खी रचना उभी होती तो गेला, त्याच्या जागी तसा कोणी आला नाही आणि रचनाही बदलली नाही, हे भरून निघत नाही.

उलट टोकाचं उदाहरण बार्सिलोनाचं. ऑगस्ट २००८, पेप ग्वार्डिओलाचा मुख्य संघाचा मॅनेजर म्हणून पहिला लीग सामना, नुकत्याच वर आलेल्या नुमान्सियाच्या मैदानावर ०-१. रोनाल्डिन्यो आणि डेको यांना त्याच उन्हाळ्यात निरोप दिलेला, मॅनेजर सदतीस वर्षांचा, अव्वल श्रेणीचा अनुभव शून्य. पुढच्या सामन्यात रासिंग सांतांदेरशी घरच्या मैदानावर १-१. दोन सामन्यांत एक गुण. अशा वेळी बहुतेक मॅनेजर अनुभवी खेळाडूंकडे वळतात. ग्वार्डिओलाने रासिंगविरुद्ध सर्जियो बुस्केट्सला पहिल्यांदा लीगमध्ये उतरवलं, पेद्रोलाही खेळवलं. रचना तीच, उलट तिला अधिक साजेसा माणूस मध्ये आणला. तिसऱ्या सामन्यात स्पोर्टिंग हिहोनच्या मैदानावर ६-१ ने विजय. मोसम संपला तेव्हा लीगमध्ये १०५ गोल होते आणि घरात तीन चषक. नुमान्सिया खालच्या श्रेणीत गेलं. नुमान्सियाविरुद्ध चेंडू सतत बार्सिलोनाकडे होता, संधी येत होत्या, चेंडू गेल्यावर तो परत मिळत होता. जे हवं होतं ते सगळं दिसत होतं, एक गोल सोडून.

हे सगळं सांगताना चाहत्याने दुःखच करू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. गाडी-बस करून परगावच्या मैदानावर गेलेले, हरल्यावरही खेळाडू टाळ्या वाजवत कोपऱ्यात येईपर्यंत थांबून गाणारे लोक या खेळाचा कणा आहेत. त्यांना ‘एकच सामना तर होता’ असं सांगणं उद्धटपणाचं आहे. मात्र राग कोणावर निघतो याची काळजी मला वाटते. एका गोलाच्या हारीत दोषी शोधणं सोपं असतं, कारण गोल एकच आणि त्या चौकटीत चेहरा एकच. त्या एका खेळाडूवर रात्रभर अर्वाच्य मजकुराचा पाऊस पडतो. गोलरक्षकाच्या बाबतीत याचा परिणाम पुढच्या सामन्यात उघड दिसतो. शिव्या खाल्लेला गोलरक्षक कॉर्नरला रेषा सोडत नाही. झेपावून चुकण्यापेक्षा जागेवर राहून गोल खाल्ला तर नाव कमी येतं, हे तो शिकतो. बचावफळीला कळतं की मागून कोणी येणार नाही, म्हणून ती खोल उभी राहते. समोरचे संघ हे हेरतात आणि प्रत्येक कॉर्नर त्याच्या अंगावर वळवतात. घरच्या चाहत्यांनी त्याने पकडलेल्या पहिल्या साध्या चेंडूवर टाळी दिली तर त्याचं खरोखर काम होतं. त्या टाळीचा फायदा आपल्याच संघाला मिळतो.

दुसऱ्या सामन्यात काय पाहायचं ते आधी लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर नवा स्कोअर जुन्या सामन्याची आठवण बदलून टाकतो. पहिली वीस मिनिटं, स्कोअर बरोबरीत असताना: आपण चढाई करतो तेव्हा मागचे पाच जवळ जवळ उभे आहेत का, मोकळं रान कमी झालं का. गोलकिकला विंगर निघाला की फुल-बॅक त्याच्याबरोबर निघतो का. पहिल्या कॉर्नरला मागच्या आठवड्याची वाटणी बदलली का, आणि गोलरक्षकासमोर आपला एखादा धिप्पाड माणूस आता उभा केला का. सत्तराव्या मिनिटाला कोणाचे पाय जड पडतात, तोच खेळाडू की दुसरा. समोरचा संघ कसा आहे हेही जमेस धरावं. खोल बसणाऱ्या संघाविरुद्ध प्रेसिंगची परीक्षा होतच नाही, तिच्यासाठी पुढच्या सामन्याची वाट पाहावी लागते. गुणतक्त्याकडे निदान दहा सामने होईपर्यंत मी फारसं बघत नाही, कारण तोवर कोणाच्या वाट्याला पहिले चार बलाढ्य आले आणि कोणाच्या वाट्याला तळाचे, हा फरक पुसला गेलेला नसतो. पण मागच्या पाचांमधलं ते रान तिसऱ्या सामन्यातही तितकंच रुंद असेल, तर तोवर दोन विजय मिळालेले असले तरी मॅनेजरला प्रश्न विचारायची वेळ आलेली असते.